मर्जी असेपर्यंत

सरकारी छापखान्यात त्याला सगळे हंसपद म्हणत. ओळीत एखादा शब्द राहून गेला, की मुद्रितं तपासणारा माणूस त्या जागी पाखराच्या पायासारखी दोन रेघांची खूण करतो आणि राहिलेला शब्द समासात लिहितो. त्या खुणेचं नाव हंसपद. एकतीस वर्षांत त्याने अशा किती खुणा केल्या याची मोजदाद नाही. त्याच्या हातून गेलेल्या राजपत्रात एक शब्द गळलेला दाखवा, असं तो तोंडाने कधी म्हणाला नाही, पण त्याच्या मानेच्या ताठपणावरून ते कळे. खाली अक्षरं जुळवणारी मंडळी त्याच्या नावाने बोटं मोडत.

त्याच्यासमोर बसून मूळ प्रत मोठ्याने वाचायचं काम एका बाईंकडे होतं. त्या वाचत आणि हा मुद्रितावर नजर ठेवी. विरामचिन्हांसकट वाचायची सवय बाईंना इतकी जडली होती, की घरी त्या सुनेला ‘मीठ स्वल्पविराम तिखट स्वल्पविराम आणि साखर संपली पूर्णविराम’ असं सांगतात, अशी छापखान्यात चेष्टा चाले. बाई हसत, पण हे खोटं आहे असं काही कधी म्हणत नसत. दोघांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. उतरतं मेज, दोन खुर्च्या, फितीने बांधलेल्या कागदांच्या थप्प्या. खाली यंत्र सुरू झालं की कपातल्या चहावर बारीक सुरकुत्या उठत.

आता त्याच्या धाकट्या भावाचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथूनच निघते.

धाकटा लहानपणापासून न्यायाचा भुकेला. घरात भाकरीचे तुकडे झाले तरी याला ते बरोबरीचे लागत. एकविसाव्या वर्षी त्याचं डोकं फिरलं. निदान लोक तसं म्हणाले. एका सकाळी तो कचेरीत गेला, न्यायाधीश यायच्या आधी त्यांच्या खुर्चीत बसला आणि लागोपाठ तीन खटले निकालात काढले. लोक खटल्यांना इतके कंटाळलेले, की कुणी विचारलंच नाही की बाबा तू कोण. तो नीट ऐकून घेई, निकाल देई आणि दाराकडे बघून म्हणे, “पुढचा.” तिन्ही निकाल बरोबर होते, असं पुढे वकील मंडळीही खासगीत कबूल करत. चौथ्या वेळी कचेरीचा म्हातारा शिपाई त्याला ओढायला वर चढला. झटापटीत शिपाई पायऱ्यांवरून मागे पडला, डोक्याला लागलं आणि तिसऱ्या दिवशी गेला.

खऱ्या न्यायाधीशांनी निकाल दिला, की आरोपी भानावर नव्हता, सबब त्याला शिक्षा देता येत नाही. आईने हे ऐकून हात जोडले. पुढचं वाक्य तिला त्या वेळी समजलं नाही, पण पाठ झालं. आरोपीला महाराजांची मर्जी असेपर्यंत बंद इस्पितळात ठेवावं.

शिक्षा झाली असती तर सात वर्षांत सुटला असता. मर्जीला बावीस वर्षं झाली. आई दर वर्षी अर्ज घालायची आणि दर वर्षी तोच जबाब यायचा, मर्जी झालेली नाही. जाताना तिने थोरल्याचं मनगट धरून सांगितलं, की त्याला घरी आण. बाकी काही सांगितलं नाही. तेव्हापासून हे एकच काम त्याच्या डोक्यावर होतं. आतल्या खोलीत धाकट्याची खाट तशीच होती. बायको तिच्यावर कधी इस्त्रीचे कपडे ठेवी आणि तो काही न बोलता ते उचलून दुसरीकडे ठेवी.

मग ते साल आलं. फार रक्त न सांडता, पण भरपूर आरडाओरडा होऊन महाराज एका सकाळी कागदावर सही करून देश सोडून गेले. नव्या सभेने ठराव केला, की सत्ता इथून पुढे लोकांची. छापखान्याला दम खायला फुरसत उरली नाही. नवी घटना, नवे कायदे, शाळांसाठी नागरिकशास्त्राचं नवं पुस्तक, सगळं त्या दोन खुर्च्यांमधून जाऊ लागलं.

पुस्तकात एक धडा होता, राज्य कसं जन्मलं याचा. बाईंनी तो वाचला. माणसं पूर्वी एकमेकांना भिऊन जगत होती. मग सगळ्यांनी मिळून करार केला आणि आपापलं बळ एका ठिकाणी नेऊन ठेवलं, त्या बळाला सार्वभौमत्व म्हणतात. ते राजाच्या हाती ठेवलं तर राजाचं राज्य, लोकांनी आपल्याकडेच ठेवलं तर लोकांचं. राजा मरतो, पळतो, बदलतो, पण ते बळ एका क्षणासाठीही बेवारस राहत नाही.

बाई वाचता वाचता थांबल्या. करार झाला तेव्हा आपण कुठे होतो, आपली सही तर कुणी घेतली नाही, असं त्या म्हणाल्या. हंसपद म्हणाला, की बाई, मुद्रिताशी वाद घालायचा नसतो. त्याचा सार्वभौम या शब्दाशी संबंध वेगळाच होता. जुळारी हमखास त्यातली एक मात्रा खात आणि सार्वभोम करून ठेवत. एका धड्यात त्याने नऊ ठिकाणी मात्रा परत बसवली आणि पुढचं पान घेतलं.

पण त्या धड्याने त्याच्या मनात एक किडा सोडला. भाऊ महाराजांच्या मर्जीने आत होता. महाराजच गेले. मग मर्जी कुठे राहिली? ज्याची मर्जी, तो माणूसच नाही, तर भावाला आता धरून ठेवलंय कुणी? तो रस्त्याने चालताना, दाढी करताना हेच घोळवू लागला आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येई, धाकटा सुटला. मात्र एक अडचण होती. जुन्या कायद्यांमधला महाराज हा शब्द काढून तिथे दुसरा घालायचा एक कायदा येऊ घातला होता. त्याला मोठं जडजंबाल नाव होतं, छापखान्यात त्याला शब्दबदल म्हणत. त्या कायद्याने मर्जीला नवा धनी दिला, तर धाकटा आहे तिथेच. नाही दिला, तर पिंजऱ्याचं दार आपोआप उघडं.

त्याने हे कुणालाच विचारलं नाही. वकिलाकडे गेला नाही, बाईंनाही सांगितलं नाही. विचारलं तर कुणाच्या तरी लक्षात येईल, आणि लक्षात आलं की ते भोक बुजवतील, ही भीती त्याला होती. भावाच्या निकालाचा कागद कचेरीतून काढून बघावा, हेही त्याने याच भीतीने टाळलं. सगळ्या देशाचे कागद वाचणाऱ्या माणसाने घरचा हा एक कागद कधी वाचलेला नव्हता. त्याच्याकडे होतं ते आईचं पाठ वाक्य, आणि त्यातला एक शब्द.

शब्दबदल प्रसिद्ध व्हायच्या चार दिवस आधी छापखान्यात आला. मुख्य कायदा दीड पानाचा आणि मागे लांबलचक परिशिष्ट, एकशे सोळा नोंदींचं. कायदेखात्याकडून महिन्यापूर्वी एक प्रत आली होती, ती रद्द करून आता सुधारित प्रत पाठवली होती. बाई वाचू लागल्या. सैन्य महाराजांचं होतं ते राज्याचं झालं. टपाल राज्याचं झालं. तळ्यातले मासेही महाराजांचे होते ते राज्याचे झाले. माशांना कळवलं का, असं बाईंनी विचारलं. तो हसला नाही. त्याचे डोळे एकच शब्द शोधत होते.

पहिल्या दिवशी मर्जी आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एकशे सोळावी नोंद संपली आणि पूर्ण परिशिष्टात मर्जी हा शब्द कुठेही नव्हता. त्याने चष्मा काढून पुसला. बाईंना वाटलं डोळे दुखतायत. त्याला मोठ्याने हसावंसं वाटत होतं आणि आईला हाक मारावीशी वाटत होती. घरी जाऊन त्याने बायकोला धाकट्याची गादी उन्हात टाकायला सांगितली. आधी माणूस येऊ दे, असं ती पुटपुटली, पण तिने गादी टाकली.

चौथ्या दिवशी सकाळी शेवटची नजर टाकायची होती. या वेळी मजकूर वाचायचा नसतो, फक्त पानांचे आणि नोंदींचे आकडे ओळीने लागलेत ना एवढं बघायचं. आणि तिथे त्याची पेन्सिल थांबली. एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस होता. इतके दिवस शब्दाच्या मागे धावताना त्याने आकडा बघितला नव्हता. स्वतःचाच राग येऊन त्याच्या कानशिलांवर लाली चढली.

बाईंनी सुधारित प्रत काढली. तिच्यातही बेचाळीस नव्हता.

“असू दे की,” बाई म्हणाल्या. “त्यांनी मुद्दाम गाळली असेल.”

“मुद्दाम गाळणारा माणूस पुढचे आकडे सुधारतो,” तो म्हणाला. “ही टंकताना राहिलेली ओळ आहे.”

कायदेखात्याचा फोन कुणी उचलेना. खालून देखरेख्याने निरोप पाठवला, की यंत्र थांबलंय, काय ते लवकर ठरवा. आकडा तुटला आणि विचारायला वेळ नसला तर आधीच्या प्रतीवरून भरावा, असा छापखान्याचा नियम होता. नियम त्यानेच दहा वर्षांपूर्वी लिहून भिंतीवर लावला होता. त्याने थप्पीतून महिन्यापूर्वीची प्रत ओढून काढली. बेचाळीस तिच्यात होता. बाईंनी वाचला.

“बेचाळीस पूर्णविराम. फौजदारी संहिता स्वल्पविराम, कलम तीनशे अठरा स्वल्पविराम, दुसरं वाक्य. महाराजांची या शब्दाऐवजी राज्याची पूर्णविराम.”

एवढंच. मर्जी त्यात नव्हती. त्याने एक्केचाळीस आणि त्रेचाळीसच्या मध्ये हंसपद काढलं, समासात स्वच्छ अक्षरात ती ओळ लिहिली आणि कोपऱ्यात सही करून कागद खाली धाडला. थोड्याच वेळात चहावर सुरकुत्या उठल्या.

राजपत्र निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून इस्पितळात गेला. पिशवीत धाकट्यासाठी नवा सदरा होता. अधीक्षक भला माणूस होता. त्याने याला बसवलं, पाणी दिलं आणि बराच वेळ मेजावरचे कागद उगाच सारखे करत राहिला. मग म्हणाला, की गेल्या आठवड्यात कायदेखात्याची सुधारित प्रत आमच्याकडेही आली होती. तिच्यात आमचं कलम नव्हतं. मर्जीवर ठेवलेले चौदा लोक आहेत, त्या सगळ्यांच्या सुटकेचे कागद मी तयार करून ठेवले होते. पण छापून आलं त्यात ते कलम आहे. त्याने राजपत्र उघडून बोट ठेवलं. बेचाळिसावी ओळ.

हंसपदाने ती ओळ वाचली. वाचायची गरज नव्हती. कलम तीनशे अठरा काय आहे, असं त्याने विचारलं. अधीक्षकाने जुना कायदा काढून दाखवला. दुसऱ्या वाक्यात आईचं पाठ वाक्य होतं, शब्दाला शब्द.

त्याचं लक्ष एका अक्षरावर गेलं. महाराजांची. सैन्याला ‘चं’ होतं, माशांना ‘चे’ होते. या एका ओळीत ‘ची’ होती. एकतीस वर्षं काना, मात्रा, वेलांटी बघून पोट भरणाऱ्या माणसाने ती ‘ची’ कुणाची, हे स्वतःला विचारलं नव्हतं. त्याने फक्त तिची वेलांटी दीर्घ आहे ना ते पाहिलं होतं. भावाला न भेटताच तो तिथून निघाला.

कायदेखात्यात तो थेट मसुदेकारांकडे गेला. हे म्हातारे गृहस्थ महाराजांच्या वेळेपासून कायदे लिहीत आले होते आणि आता तीच दौत घेऊन लोकांचे लिहीत होते. त्यांच्या पाठीमागची महाराजांची तसबीर काढली होती आणि रिकामा खिळा वाया कशाला घालवायचा म्हणून कुणीतरी त्यावर छत्री अडकवली होती. हंसपदाने आपण कोण ते सांगितलं आणि बेचाळिसावी ओळ आपण घातली, हेही सांगितलं. भावाचं मात्र तो बोलला नाही.

मसुदेकारांनी लेखणी खाली ठेवली.

“ते कलम तरुणपणी मीच लिहिलं होतं,” ते म्हणाले. “वाटलं, दयेला जागा असावी. शिक्षेला आकडा असतो, मर्जीला नसतो. राजा कधीही सोडू शकेल. कधीही म्हणजे कधीच नाही, हे पुढे कळलं. म्हणून या वेळी ओळ गाळली. सभेत मागितलं असतं तर वेड्या खुन्यांना सोडायला कुणी हात वर केला नसता. आकडे बदलले असते तर प्रत पुन्हा सगळ्या खात्यांतून फिरवावी लागली असती. एक आकडा राहिला, तर टंकताना चुकला म्हणून खपून जातं. इतकी वर्षं खपत आलंय.”

“मला आधी कळवायचं,” हंसपद म्हणाला.

“तुम्ही तरी विचारायचं.”

 मग हंसपदाने विचारलं, की शुद्धिपत्र काढता येईल का. मसुदेकारांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं.

“शुद्धिपत्र चूक सुधारायला असतं. तुम्ही चूक ठेवलीत कुठे?”

“मग राज्याची मर्जी कुणाकडे मागायची?”

“तेच तर. महाराजांकडे मागता येत होती. ते चांगले नव्हते, पण माणूस होते. मुलगी झाली त्या वर्षी त्यांनी दोघांना सोडलं होतं. राज्याला मुलगी होत नाही.”

हंसपद म्हणाला, की राज्य म्हणजे आपण सगळेच ना, पुस्तकात तसं आहे, मी स्वतः तपासलंय. मसुदेकार म्हणाले, आहे, आणि ते खोटं नाही. पण सगळ्यांची मर्जी एका वेळी विचारायची कशी? म्हणून खातं असतं. खात्याला मर्जी नसते, नियम असतो. या बाबतीत नियम झालेला नाही, आणि चौदा वेड्यांसाठी नियम करायला सभेला या वर्षी तरी सवड होणार नाही. पुढच्या वर्षीचं तेव्हा बघू. त्यांनी अर्जाचा नमुना दिला. तो महाराजांच्या वेळचाच होता, वरचं नाव तेवढं खोडलेलं होतं.

छापखान्यात बाईंना कुणाकडून तरी कळलं होतं. असू दे म्हणून आपणच सांगितलं होतं, हे त्यांनी चुकूनही बोलून दाखवलं नाही. त्या दिवशी त्या विरामचिन्हं न उच्चारता वाचत राहिल्या आणि त्यालाही त्यांना टोकायचं सुचलं नाही.

महिन्याची भेट रविवारी होती. भेटीच्या खोलीत एक लांब बाक, मध्ये मेज आणि दारात शिपाई. धाकटा त्रेचाळीस वर्षांचा झाला होता, केस थोरल्यापेक्षा पांढरे. दिवसभर तो कागदी पाकिटं चिकटवी, आणि बराकीत तंटा झाला की लोक निवाड्याला त्याच्याकडे येत. शिपाईसुद्धा आपसातली भांडणं त्याच्यापुढे नेत, असं अधीक्षक एकदा म्हणाला होता.

त्याने सदरा लगेच अंगात घातला. तो दोन बोटं ढगळ झाला.

“दादा, महाराज गेले म्हणे.”

“गेले.”

“मग आता मी कुणाच्या मर्जीनं आहे इथं?”

“राज्याच्या. म्हणजे सगळ्यांच्या.”

धाकट्याने यावर नीट विचार केला. “सगळ्यांच्या म्हणजे तुझ्यापण?”

“हो.”

“मग झालं की,” असं म्हणून तो उठला आणि सदऱ्याची गुंडी लावू लागला. “चल.”

दारातला शिपाई सावरून उभा राहिला. थोरल्याने भावाचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. गळलेली ओळ, तुटलेला आकडा, महिन्यापूर्वीची प्रत, आपण काढलेलं हंसपद. आवाज न कापता सांगायचं त्याने ठरवलं होतं, ते जमलं नाही. ती ओळ मी घातली रे, असं तो दोनदा म्हणाला आणि मेजावर डोकं टेकून रडला.

 धाकट्याने हात मेजावर एकावर एक ठेवले होते आणि पाठ ताठ केली होती. थोरल्याचं रडणं ओसरेपर्यंत तो थांबला.

“आकडा तुटला होता?” त्याने विचारलं.

“हो.”

“आणि तो भरून काढायचा, असा नियम होता?”

“हो.”

“मग ओळ बरोबर घातलीस. तुझी चूक नाही.”

त्याने सदरा काढला, बाह्या आत वळवून नीट घडी केली आणि मेजावरून थोरल्याकडे सरकवली. मग मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि म्हणाला, “पुढचा.”